जर्मनमधली स्त्रीलिंगी नामं: शब्द जागेवर, हलतं ते आर्टिकल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारीचं नर्सिंगचं शिक्षण झालंय, जर्मनीत नोकरीसाठी जायचंय आणि ए२ चा (जर्मनच्या दुसऱ्या पातळीचा) वर्ग चालू आहे. 'डी, डी, डेअर, डेअर' हा स्त्रीलिंगी आर्टिकलचा (नामाआधी येऊन लिंग आणि विभक्ती दाखवणाऱ्या छोट्या शब्दाचा) तक्ता तिला पाठ आहे, पण लिहायला बसलं की 'मिट डेअर फ्राउएन' (बाईबरोबर), 'आउफ डेअर वुंडेन' (जखमेवर) अशी वाक्यं उतरतात आणि वही लाल होऊन परत येते. तिला दोन गोष्टी कळत नाहीत. स्त्रीलिंगी नाम नक्की कधी बदलतं? आणि 'डेअर' पुल्लिंगी असताना ते 'फ्राउ'च्या आधी कसं येतं?

आधी लेखनाबद्दल. जर्मन शब्द इथे देवनागरीत दिलेत. शब्दाच्या शेवटचा 'ए' अगदी हलका म्हणायचा. ज्या स्वरांवर दोन टिंबं असतात, म्हणजे उमलाउट, ते मी ए, यो, यू असे लिहिलेत. नेमकं स्पेलिंग तुमच्या पुस्तकात बघून घ्या.

आता उत्तर. एकवचनात स्त्रीलिंगी नाम बदलत नाही. नॉमिनाटिव्ह (कर्ता), आकुझाटिव्ह (थेट कर्म), डाटिव्ह (ज्याला द्यायचं, मदत करायची तो), गेनिटिव्ह ('चा-ची-चे'), कुठेच नाही. डी फ्राउ, डी फ्राउ, डेअर फ्राउ, डेअर फ्राउ. बहुतेक पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना गेनिटिव्हमध्ये निदान 'एस' तरी लागतो (डेस मानेस, डेस किंडेस). स्त्रीलिंगी नामाला तोही लागत नाही. विभक्तीचा सगळा भार आधी येणाऱ्या शब्दावर असतो, मग ते आर्टिकल असो, 'माइने'सारखं सर्वनाम असो की विशेषण.

हे ऐकायला सोपं आहे, पण मराठी माणसाचा हात तिथेच अडखळतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे नामालाच सामान्यरूप होतं. शाळा म्हटलं की 'शाळेत', जखम म्हटलं की 'जखमेवर', वेळ म्हटलं की 'वेळेला'. प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं शेपूट हललंच पाहिजे, हे कानात इतकं मुरलेलं असतं की 'आउफ डेअर' लिहिल्यावर पुढचं 'वुंडे' तसंच ठेवायला जीव धजत नाही. काहीतरी लावायला हवं असं वाटतं आणि हाताशी 'एन' असतो. तो लागतो आणि चूक होते.

मग मराठीतलाच असा शब्द धरा जो एकवचनात हलत नाही. 'आई' घ्या. माझी आई, माझ्या आईला, माझ्या आईचा. 'आई' आहे तशीच राहते, बदललं ते 'माझी'चं 'माझ्या'. जर्मनमध्ये हेच होतं: माइने मुटर, माइनर मुटर. 'माझी' म्हणजे माइने, 'माझ्या' म्हणजे माइनर, आणि मुटर स्थिर. वर्गात चार रकान्यांचा तक्ता फळ्यावर काढण्याआधी मी ही जोडी देते. माझ्या मते पहिले दोन महिने तेवढंच पुरतं.

ही जोडी एका ठिकाणी दगा देते, आणि तिथे सावध राहायला हवं. मराठीत 'ला' दोन्हीकडे चालतो: 'मी आईला बघते' आणि 'मी आईला मदत करते'. दोन्हीकडे 'माझ्या आईला'च. जर्मन इथे फरक करतं. इश झेहे माइने मुटर, हा आकुझाटिव्ह. इश हेल्फे माइनर मुटर, हा डाटिव्ह. तेव्हा मराठी वाक्यातला 'ला' बघून विभक्ती ठरवायची नाही, क्रियापद बघायचं. हेल्फेन (मदत करणं), डांकेन (आभार मानणं), आंटवोर्टेन (उत्तर देणं), गेफालेन (आवडणं), गेह्योरेन (मालकीचं असणं) ही डाटिव्ह मागणारी नेहमीची क्रियापदं. यांची यादी छोटी आहे आणि ती पाठच करावी. बाकी बहुतेक क्रियापदांचं थेट कर्म आकुझाटिव्हमध्ये जातं, आणि स्त्रीलिंगीत आकुझाटिव्ह म्हणजे पुन्हा 'डी', काहीच बदल नाही.

आता 'डेअर'चं कोडं. 'डेअर' पुल्लिंगी असतं ही समजूत पहिल्या आठवड्यात तयार होते आणि पुढे त्रास देते. खरं तर 'डेअर' चार ठिकाणी येतं: पुल्लिंगी एकवचनाच्या नॉमिनाटिव्हमध्ये, स्त्रीलिंगी एकवचनाच्या डाटिव्हमध्ये, स्त्रीलिंगी एकवचनाच्या गेनिटिव्हमध्ये, आणि तिन्ही लिंगांच्या अनेकवचनी गेनिटिव्हमध्ये. म्हणून नुसतं 'डेअर' दिसलं की निष्कर्ष काढायचा नाही, पुढचं नाम बघायचं. नाम स्त्रीलिंगी एकवचनी असेल आणि आधी 'डेअर' असेल, तर ते वाक्याचा कर्ता असूच शकत नाही. हा नियम वाचताना फार कामाला येतो. 'डेअर लेहरेरिन हिल्फ्ट डी श्यूलेरिन' या वाक्यात मदत कोण करतंय? वाक्य शिक्षिकेपासून सुरू होतं, तरी मदत करते आहे विद्यार्थिनी, कारण 'डी' तिच्याकडे आहे.

याची उलट बाजूही सांगते. नॉमिनाटिव्ह आणि आकुझाटिव्ह दोन्हीकडे 'डी'च असल्यामुळे दोन स्त्रीलिंगी नामं समोरासमोर आली की खूण हरवते. 'डी काट्से याग्ट डी माउस', मांजर उंदरामागे धावते. शब्द उलटे केले की लोक उंदीर मांजरामागे धावतो असंच वाचतील. पुल्लिंगी नाम असतं तर 'डेअर' आणि 'डेन' या फरकावरून कर्ता कळला असता. इथे शब्दक्रमावरच भिस्त. तेव्हा दोन्ही नामं स्त्रीलिंगी असतील तर शब्दांची जागा बदलून शोभा आणायला जाऊ नका.

तुमच्या कामाची वाक्यं घेऊ. 'इश लेगे डी कोम्प्रेसे आउफ डी वुंडे', मी जखमेवर कॉम्प्रेस ठेवते. 'डी कोम्प्रेसे लीक्ट आउफ डेअर वुंडे', कॉम्प्रेस जखमेवर आहे. मराठीत दोन्हीकडे 'जखमेवर'. जर्मनमध्ये वस्तू तिथे नेली जात असेल तर आकुझाटिव्ह, तिथे असेल तर डाटिव्ह. इन, आन, आउफ, यूबर, उंटर, फोर, हिंटर, नेबेन, त्स्विशेन ही नऊ शब्दयोगी अव्ययं असं दुहेरी वागतात. 'मिट, बाय, फोन, त्सू, आउस, नाख, झाइट' यांना कायम डाटिव्ह, म्हणजे स्त्रीलिंगीत कायम 'डेअर'. 'फ्यूअर, ओने, डुर्श, गेगेन, उम' यांना कायम आकुझाटिव्ह, म्हणजे 'डी'. जोडून होणारं रूप स्त्रीलिंगीत एकच लक्षात ठेवायचं: 'त्सू डेअर'चं 'त्सुअर' होतं (त्सुअर शूले, त्सुअर आर्बाइट). 'इन डेअर' आणि 'बाय डेअर' तसेच राहतात.

गेनिटिव्हबद्दल एक गंमत. 'वेगेन' (मुळे) या शब्दानंतर डाटिव्ह चालतो की गेनिटिव्हच हवा यावर जर्मन लोक आपसांत हौसेने वाद घालतात. स्त्रीलिंगी एकवचनी नाम असेल तर त्या वादात तुम्ही पडतच नाही. 'वेगेन डेअर प्र्यूफुंग' (परीक्षेमुळे) म्हटलं की दोन्ही पक्ष खूश, कारण रूप एकच. मात्र व्यक्तीचं नाव आलं तर स्त्री असली तरी 'एस' लागतो, आणि शब्दक्रम मराठीसारखा होतो: आनास टाशे, म्हणजे आनाची बॅग. घरात आजीला हाक मारायचा 'ओमा' हा शब्दही नावासारखा वापरतात: ओमास क्यूशे, आजीचं स्वयंपाकघर. हा 'एस' नावाचा आहे. म्हणून 'डी टाशे डेअर मुटर' लिहिताना मुटरला तो चिकटवू नका.

विशेषणं हा लोकांना घाबरवणारा धडा, पण स्त्रीलिंगीत तो सगळ्यात सोपा. आधी आर्टिकल असेल तर दोनच शक्यता. आर्टिकल 'ए' किंवा 'ई'वर संपत असेल (डी, आइने, माइने) तर विशेषणाला 'ए': डी नॉये श्वेस्टर (नवी नर्स), आइने नॉये श्वेस्टर. आर्टिकल 'अर'वर संपत असेल (डेअर, आइनर, माइनर) तर विशेषणाला 'एन': डेअर नॉयेन श्वेस्टर, आइनर नॉयेन श्वेस्टर. पुल्लिंगीत 'डेअर गुटे' आणि 'आइन गुटर' असा जो घोळ होतो तो इथे नाहीच. आर्टिकलच नसेल तर विशेषण स्वतः आर्टिकलचं शेपूट घेतं: 'फ्रिशे मिल्श', आणि 'मिट फ्रिशर मिल्श'. सर्वनामं तशीच चालतात: झी, झी, ईअर. संबंधी सर्वनामात फक्त गेनिटिव्ह वेगळा, 'डेरेन'.

इथवर एकवचन. खरी मेहनत अनेकवचनात आहे, आणि 'एन'चा गोंधळही तिथूनच येतो.

बहुसंख्य स्त्रीलिंगी नामांचं अनेकवचन 'एन' किंवा 'न' लावून होतं. वुंडे–वुंडेन, श्प्रित्से–श्प्रित्सेन, टाब्लेटे–टाब्लेटेन, त्साइट–त्साइटेन. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट, त्सिओन हे शेवट दिसले की डोळे मिटून 'एन' लावा: वोनुंगेन, क्रांकहाइटेन, ओपेरात्सिओनेन. 'इन'वर संपणाऱ्या स्त्रीवाचक शब्दांत 'एन' लागताना आधीचा न दुहेरी लिहितात: पात्सिएंटिन–पात्सिएंटिनेन. एल आणि अर वर संपणारे स्त्रीलिंगी शब्दही 'न' घेतात: श्वेस्टर–श्वेस्टर्न, गाबेल–गाबेल्न. जेवणाच्या टेबलावर हा फरक मजेदार दिसतो. काटा स्त्रीलिंगी, म्हणून गाबेल्न. चमचा पुल्लिंगी (ल्योफेल) आणि सुरी नपुंसकलिंगी (मेसर), त्या दोघांचं अनेकवचन आहे तसंच.

म्हणजे 'फ्राउएन' आणि 'वुंडेन' ही फक्त अनेकवचनं आहेत. 'मिट डेअर फ्राउएन' का चुकतं ते आता दिसेल: 'डेअर' एकवचन सांगतं, 'फ्राउएन' अनेकवचन. एक बाई असेल तर मिट डेअर फ्राउ, अनेक असतील तर मिट डेन फ्राउएन. 'डेअर फ्राउएन' हे रूप अस्तित्वात आहे, पण त्याचा अर्थ 'स्त्रियांचा, स्त्रियांची', आणि 'मिट'नंतर गेनिटिव्ह येत नाही.

दुसरा गट छोटा आहे, पण त्यातले शब्द रोजचे आहेत. एकाच उच्चारखंडाचे (सिलेबलचे) शब्द, स्वराला उमलाउट आणि शेवटी 'ए': हांट–हेंडे, नाख्ट–नेश्टे, श्टाट–श्टेटे, वांट–वेंडे, क्राफ्ट–क्रेफ्टे, नुस–न्यूसे, हाउट–हॉइटे, माउस–मॉइझे. 'त्साइट'ला 'एन' आणि 'हांट'ला उमलाउट-ए का, याचं उत्तर रूप बघून मिळत नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने 'चिंचेचं चिंचा होतं, मग भिंतीचं भिंती का?' असं विचारलं तर आपण काय सांगणार? वीट–विटा, पण म्हैस–म्हशी. हे शब्द एकेक करूनच अंगवळणी पडतात. यात 'बांक' तर दोन्ही गटांत आहे. बसायचा बाक असेल तर बेंके, पैशांची बँक असेल तर बांकेन.

नुसता उमलाउट घेणारे स्त्रीलिंगी शब्द दोनच: मुटर–म्यूटर, टोख्टर–ट्योश्टर. आणि कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी: नट-बोल्टमधल्या नटलाही जर्मनमध्ये 'मुटर' म्हणतात, पण त्याचं अनेकवचन 'मुटर्न'. पुण्याच्या इंजिनिअर मुलांना हे सांगितलं की ते जन्मात विसरत नाहीत.

'निस'वर संपणारे (केंटनिस–केंटनिसे) वेगळे. स्वरावर संपणारे बाहेरचे शब्द बरेचदा 'एस' घेतात: कामेरास. घरगुती 'ओमा'ही तसाच: ओमास. काही मात्र शेवट टाकून 'एन' घेतात: फिर्मा–फिर्मेन, प्राक्सिस–प्राक्सेन. डॉक्टरच्या दवाखान्याला प्राक्सिस म्हणतात, तेव्हा हा शब्द तुम्हाला लागणारच.

अनेकवचनात विभक्ती: डी, डी, डेन, डेअर. इथे नाम एकदाच हलतं, डाटिव्हमध्ये, आणि 'न' घेतं: मिट डेन हेंडेन, मिट डेन ट्योश्टर्न. आधीच 'न'वर संपत असेल तर पुन्हा लावायचा नाही (मिट डेन फ्राउएन), आणि 'एस'चं अनेकवचन असेल तरीही नाही (मिट डेन कामेरास). आपल्याकडे अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतोच: मुलींना, नद्यांवर, जखमांवर. तो अनुस्वार आठवला की डेनचा न आणि नामाचा न दोन्ही आठवतात. शिक्षक म्हणून मला ही खूण कुठल्याही रंगीत तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

मोजमापात आणखी एक बारकावा. 'त्स्वाय ग्लास वासर', दोन ग्लास पाणी, इथे ग्लास एकवचनीच राहतं, कारण पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी मापं संख्येनंतर बदलत नाहीत. 'ए'वर संपणारं स्त्रीलिंगी माप मात्र बदलतं: त्स्वाय टासेन टे, ड्राय फ्लाशेन वासर. दोन कप चहाला 'त्स्वाय टासे' म्हटलंत तर चूक.

आता एकवचनातला अपवाद, आणि हा तुमच्या व्यवसायात रोज भेटेल. विशेषणापासून बनलेली नामं विशेषणासारखीच चालतात. 'क्रांक' म्हणजे आजारी, 'डी क्रांके' म्हणजे आजारी बाई. तिचा डाटिव्ह 'डेअर क्रांकेन'. इथे 'एन' एकवचनातच लागतो आणि तो बरोबर आहे. इश हेल्फे डेअर क्रांकेन, पण इश हेल्फे डेअर पात्सिएंटिन. डी आंगेश्टेल्टे (कर्मचारी स्त्री), डी बेकांटे (ओळखीची), डी फेरवांटे (नातेवाईक), डी डॉइचे (जर्मन स्त्री) हे सगळे याच जातीचे. ओळखायचं कसं? तोच शब्द नामाच्या आधी विशेषण म्हणून लावून बघा. 'डी क्रांके फ्राउ' म्हणता येतं, तेव्हा हा विशेषणाच्या खानदानातला. 'डी टाब्लेटे फ्राउ' म्हणता येत नाही, तेव्हा टाब्लेटे हे साधं नाम, ते हलणार नाही.

यात आणखी एक सरमिसळ होते. वर्गात 'एन-डेक्लिनात्सिओन' शिकवतात: डेअर पात्सिएंट, डेन पात्सिएंटेन, डेम पात्सिएंटेन. तो धडा झाला की मुलं उत्साहाने सगळ्यांनाच 'एन' लावत सुटतात. त्या गटात पुल्लिंगी नामं आहेत आणि 'हेर्त्स' हे एक नपुंसकलिंगी, तेही थोडं वेगळं चालणारं. स्त्रीलिंगी एकही नाही. पुरुष रुग्णाला 'डेम पात्सिएंटेन', स्त्री रुग्णाला 'डेअर पात्सिएंटिन'. शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लावा.

'एन' एकवचनात कधीच नव्हता का, असं कुणी विचारलं तर: होता. जुन्या जर्मनमध्ये स्त्रीलिंगी नामांचे गट होते. एका गटात 'न' एकवचनातही यायचा, एका गटात यायचा नाही. साधारण 1350 ते 1650 या काळात हे गट एकमेकांत मिसळले. एकवचन सगळीकडे मोकळं राहिलं आणि 'न' अनेकवचनाची खूण होऊन बसला. म्हणून आज इतकी स्त्रीलिंगी अनेकवचनं 'न'वर संपतात. जुन्याचे तुकडे अजून भाषेत आहेत. ख्रिस्ती प्रार्थनेत 'आउफ एअर्डेन' येतं, पृथ्वीवर, एकच पृथ्वी असून 'न' आहे. ऊन म्हणजे 'झोनेनशाइन', सूर्य एकच. म्युनिक आणि ड्रेस्डेनच्या 'फ्राउएनकिर्शे'मधली 'फ्राउएन' म्हणजे अनेक स्त्रिया नव्हेत, ती एकटी मेरी, जुन्या एकवचनी गेनिटिव्हमध्ये. 'फोरहांडेन' या शब्दात 'हांट'चं उमलाउट नसलेलं जुनं अनेकवचन दडलंय, आणि नाताळाच्या 'वाइनाख्टेन'मध्ये 'नाख्ट'चं. यातलं काही परीक्षेला येत नाही, पण नियम मोडल्यासारखा दिसला तर घाबरू नका.

शब्दकोशात हे सगळं एका ओळीत असतं. डूडेनमध्ये 'फ्राउ' काढलं की लिंग, मग एक आडवी रेघ, मग रेघ आणि 'एन' दिसतं. पहिली खूण एकवचनी गेनिटिव्हची, दुसरी अनेकवचनाची. पहिल्या जागी नुसती रेघ म्हणजे बदल नाही, आणि साध्या स्त्रीलिंगी नामाला तिथे कायम रेघच असते. म्हणून स्त्रीलिंगी शब्द वहीत लिहिताना दोनच गोष्टी लिहा: 'डी' आणि अनेकवचन. 'डी हांट, हेंडे' एका दमात म्हणायचं, वेगवेगळं नाही.

शेवटी जोडशब्दांतला 'एस', कारण तो पुढच्या धड्यात तुम्हाला छळेल. आर्बाइट स्त्रीलिंगी, तरी कामाची खोली 'आर्बाइट्सत्सिमर'. लीबे स्त्रीलिंगी, तरी प्रेमपत्र 'लीबेसब्रीफ'. त्साइटुंग स्त्रीलिंगी, तरी 'त्साइटुंग्सआर्टिकेल'. हा 'एस' गेनिटिव्हचा नव्हे, शब्द सांधायचा आहे. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट, त्सिओन यांच्यापुढे दुसरा शब्द जोडला की तो येतोच: क्रांकहाइट्सबिल्ड, ओपेरात्सिओन्सझाल. पण 'डेअर आर्बाइट्स' असं सुटं कधी लिहू नका.